कॅसेटीतली फुंकर आणि इतर समजुती

ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील एखाद्या चाळीत, वाड्यात वा सरकारी वसाहतीत गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना व्हिडिओ गेमची कॅसेट चालेनाशी झाली म्हणजे ती उपसून तिच्या तोंडात जोराने फुंकर घालण्याचा उपाय कोणी शिकवावा लागला नाही. आणि हाच उपाय अमेरिकेतील मुलेही तितक्याच निष्ठेने करीत होती, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. परंतु ज्यांनी आता ही जुनी यंत्रे व कॅसेटी जमविण्याचा छंद पत्करला आहे, त्यांनी ही वहिवाट प्रथम सोडावयास हवी, कारण फुंकरीने कॅसेट सुरू होत नाही, तिचे आयुष्य मात्र घटते.

१९८५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या निन्टेंडो एन्टरटेनमेंट सिस्टिम या यंत्रात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे. तिथल्या ७२ पिना कालांतराने सैल पडत. शिवाय यंत्रात एक आणि कॅसेटीत एक अशा दोन पहारेकरी चिपा बसविलेल्या असत, व त्यांची परस्परांशी ओळख पटली नाही, तर यंत्र सेकंदासेकंदाला नव्याने सुरू होऊन पडदा लुकलुकत राही. अशा वेळी कॅसेट काढून पुन्हा बसविली, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि पिना एकमेकींवर घासल्या जाऊन तुटलेला स्पर्श जुळण्याची नवी संधी मिळे. श्रेय मात्र मध्यंतरीच्या फुंकरीच्या पदरात पडे. श्वासातील ओलाव्याने पट्ट्या गंजतात, आणि खुद्द निन्टेंडोनेही पुढे ग्राहकांना फुंकर न घालण्याचीच सूचना दिली. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवावी, आणि त्या पूर्ण कोरड्या झाल्यावाचून कॅसेट यंत्रात घालू नये, एवढे पुरते.

दुसरी समजूत अशी की, ज्या कॅसेटीत खेळाची प्रगती जपून ठेवण्याची सोय होती, तिच्यातील ती नोंद एके दिवशी नाहीशी झाली, की कॅसेट कायमची निकामी झाली. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ १९८७ साली अमेरिकेत कॅसेटरूपाने आला, तेव्हा त्याच्या आत नाण्याच्या आकाराची एक बॅटरी होती, आणि खेळाडूने कुठवर मजल मारली याची नोंद तिच्या बळावर टिके. मूळ खेळ निराळ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असून त्याला बॅटरीची गरज नसते. सबब मुदत संपलेली बॅटरी सोल्डर काढून बदलता येते. ती बदलताना जुनी नोंद मात्र बहुधा पुसली जाते, हे विक्रेत्याने कबूल करावे आणि खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

यंत्राच्या पांढुरक्या कवचावर चढणारा पिवळेपणा मळ नव्हे, म्हणून साबणाने घासून तो जात नाही. एबीएस प्लास्टिक ऊन, उष्णता आणि काळ यांच्या योगाने आतूनच पालटते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवल्यास रंग उजळतो, पण पिवळेपणा परतूही शकतो.

किमतीविषयी थोडक्यात एवढेच सांगतो की, जुने ते मौल्यवान हा नियम येथे चालत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरांना विकली गेली, आणि हा खेळ तर १ कोटीहून अधिक प्रतींनी खपलेला. ती किंमत न उघडलेल्या, निष्कलंक वेष्टनाची होती. उलट अटारी कंपनीचा १९८२ मधील ‘ई.टी.’ हा खेळ न्यू मेक्सिकोच्या अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरला गेल्यामुळे दुर्मिळ झाला, असे पुष्कळांना वाटते. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा खणली असता त्या कॅसेटी खरोखरच सापडल्या, परंतु जमिनीवरही त्यांचा तुटवडा कधीच नव्हता. तळघरातील जुना जिन्नस विकून घर घेऊ पाहणाऱ्याने हा छंद धरू नये, असे मला मनापासून वाटते.

मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो आपल्याकडचा गैरसमज. ‘आमच्याकडे निन्टेंडो होता’, असे जे पुष्कळजण अभिमानाने सांगतात, त्यांच्या घरात बहुधा निन्टेंडोचे यंत्र नव्हतेच. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल होती, आणि अशा नकला तैवानमध्ये तयार झालेल्या चिपांवर निरनिराळ्या नावांनी जगभर पसरल्या. खातरजमा करावयाची तर कॅसेटीच्या पट्ट्या मोजाव्यात: फॅमिकॉमच्या व या नकलांच्या कॅसेटीत त्या ६०, तर अमेरिकेतील यंत्राच्या कॅसेटीत ७२, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाने प्रेमाने पाठविलेली अस्सल कॅसेट आपल्या यंत्रात बसतच नाही. परंतु नक्कल म्हणून ते यंत्र टाकाऊ, हा निष्कर्ष मी मान्य करणार नाही. येथील मुलांनी मारिओ आणि काँट्रा ओळखले ते याच यंत्रांच्या द्वारे, आणि ‘९९९९९९ इन १’ असे छापलेली, प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा दाखविणारी ती कॅसेट हा आपल्या प्रदेशाचा दस्तऐवज आहे. अस्सल म्हणून विकलेली बनावट वस्तू आणि जन्मतःच नक्कल असलेली वस्तू यांत संग्राहकाने भेद करावा. पहिलीपासून सावध राहावे, दुसरी जपावी.

राहिली खेळातील बंदूक. ‘डक हंट’ या खेळातले बदक नव्या सपाट टीव्हीवर मरत नाही, म्हणून बंदूक बिघडली असे समजून ती टाकून देणारे मी पाहिले आहेत. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशग्राही घटकाने तो नेमक्या त्याच क्षणी पाहिला, तरच नेम लागला असे यंत्र मानते. सपाट टीव्ही चित्रावर संस्कार करून ते किंचित विलंबाने दाखवितो, आणि तेवढ्यात तो क्षण निघून जातो. यास्तव बंदूक फेकण्यापूर्वी पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही शोधावा. आणि तो घरात अजून असेल, तर भंगारवाल्याची हाक आली तरी दार उघडू नये.