प्रकाशाची फेज मोजताना थोडे फोटॉन निसटले, तर एवढं काय बिघडतं?

अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळेत लेझरचा झोत दुभागून ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमध्ये पाठवतात. गुरुत्वीय लहर आली की बाहूंची लांबी किंचित बदलते. मग परतणाऱ्या दोन्ही लहरींचे चढ-उतार एकमेकांच्या पुढे-मागे होतात. हा फरक म्हणजेच फेजमधला फरक. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर अशीच टिपली गेली.

अडचण कुठे येते?

प्रकाश फोटॉन या कणांच्या रूपात डिटेक्टरवर पोहोचतो. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे हे कण कधी दाट, कधी विरळ येतात. या गोंगाटात बारीक फरक बुडून जातो.

त्यावर उपाय म्हणजे 'स्क्वीझ्ड' प्रकाश. क्वांटम नियमांमुळे अनिश्चितता संपवता येत नाही, पण फेजमधली कमी करून तीव्रतेकडे ढकलता येते. कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. लायगो २०१९ पासून निरीक्षणांसाठी ती नियमित वापरते.

डिटेक्टरचा दोष किती महागात पडतो?

समजा, साध्या प्रकाशाचा गोंगाट १०० आहे आणि स्क्वीझ करून तो १० वर आणला. आता डिटेक्टरने १० टक्के फोटॉन गमावले. क्वांटम नियमांनुसार त्यांची जागा रिकामी राहत नाही. तिथे निर्वाताचा गोंगाट शिरतो. म्हणजे १० चे ९० टक्के, ९, अधिक १०० चे १० टक्के, १०. एकूण १९. गोंगाट जवळपास दुप्पट! निम्मे फोटॉन गेले तर तो थेट ५५. साध्या प्रकाशात मात्र तो १०० च राहतो, फक्त सिग्नल थोडा क्षीण होतो. थोडक्यात, प्रकाश जितका नाजूक, तितकी गळती महाग.

गणिताने भरपाई होत नाही का?

प्रयोगशाळेत काही प्रमाणात होते. तिथे तोच प्रकाश हजारो वेळा तयार करून मोजता येतो आणि डिटेक्टरची गळती ठाऊक असेल, तर सरासरी निकाल दुरुस्त करता येतो. पण गुरुत्वीय लहर एकदाच येऊन जाते. तेव्हा निसटलेली माहिती परत मिळत नाही. म्हणूनच आरसे, भिंगं आणि डिटेक्टर यांतली एकेक टक्का गळती कमी करण्यासाठी शास्त्रज्ञ झटतात.

महाराष्ट्राशी काय संबंध?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. फोटॉन न गमावण्याची हीच कसोटी तिथेही लागेल.