पावित्र्याचा मक्ता कोणाचा?

वसईच्या धर्मग्रामांत काय किंवा मुंबईच्या जुन्या गावठाणांत काय, घरातल्या एखाद्या मुलाने सेमिनरीत अथवा मुलीने मठात जाण्याचा निश्चय केला, म्हणजे त्या कुटुंबाच्या वाट्याचे पावित्र्य आता त्याने किंवा तिने उचलले, आणि मागे राहिलेल्यांनी रविवारची मिस्सा, नाताळ-ईस्टरचे पापनिवेदन आणि सणाची नोव्हेना एवढे सांभाळले की देवाघरचे देणे फिटले, अशी एक समजूत कॅथॉलिक समाजात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. ही समजूत नम्रतेच्या वेषात वावरते. ‘आम्ही संसारी माणसे, आम्हांला कुठले संतपण!’ हा उद्गार ऐकणाऱ्याला विनयाचा वाटतो. पण त्यात विनयापेक्षा आपली जबाबदारी दुसऱ्याच्या नावे चढवून मोकळे होण्याची सोयच अधिक आहे, असे माझे मत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेच्या स्वरूपाविषयीचा जो दस्तऐवज जाहीर केला, त्याच्या पाचव्या प्रकरणाचा विषयच हा आहे की, कोणत्याही पदावरच्या आणि कोणत्याही अवस्थेतल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पावित्र्याच्या पूर्णतेचे पाचारण आहे. हे परिषदेने नव्याने काढलेले फर्मान आहे, असे कोणी समजू नये. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे आनसीत राहून आपल्या धर्मप्रांताचा कारभार पाहणारे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ च्या सुमारास प्रसिद्ध केलेला भक्तिजीवनावरील ग्रंथ एका विवाहित स्त्रीला लिहून दिलेल्या उपदेशातूनच आकारास आला, आणि त्यातले प्रतिपादन आजच्या वाचकालाही चकित करील इतके व्यवहारी आहे. बिशपाने एकांतवासी संन्याशासारखे राहू म्हणावे, प्रपंच असलेल्या गृहस्थाने कपुचिन साधूप्रमाणे पैसा साठवूच नये, कारागिराने हातातले काम टाकून दिवसभर देवळात बसावे, हे सारे त्यांच्या मते हास्यास्पद होय. कारण जी भक्ती माणसाच्या रास्त कर्तव्याच्या आड येते, ती भक्ती खोटी, असा त्यांचा निर्वाळा आहे.

या निर्वाळ्याने दुसऱ्या एका गैरसमजाचाही परस्पर निकाल लागतो. जितक्या प्रार्थना अधिक, जितक्या नोव्हेना अधिक, जितके स्कॅप्युलर गळ्यात अधिक, तितके पावित्र्य अधिक, असा एक सरळ त्रैराशिकाचा हिशेब पुष्कळ सज्जन मनात बाळगून असतात. जपमाळ उत्तम आहे, नोव्हेनाही उत्तम आहे. पण अंथरुणावरच्या सासऱ्यांना वेळेवर जेवण न देता जी तिसरी जपमाळ पुरी होते, तिच्याविषयी फ्रान्सिस द सेल्स काय म्हणाले असते, हे सांगण्यास त्यांचा ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही.

संसारात राहूनही पावित्र्य साधते, याचा पुरावा पाहायचा तर एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समधल्या आलाँसाँ या गावी जावे. तेथील लुई मार्तँ या घड्याळजीने तरुणपणी आल्प्स पर्वतातल्या मठात प्रवेश मागितला होता, पण लॅटिन येत नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. त्याच गावच्या झेली गेरँ या तरुणीचा धर्मभगिनी होण्याचा अर्जही नामंजूर झाला. १८५८ साली या दोघांचा विवाह झाला. झेली आलाँसाँच्या प्रसिद्ध लेसचा धंदा चालवीत असे, म्हणजे मागण्या घेणे, घरोघरच्या कारागीर बायकांना काम वाटून देणे, त्यांची मजुरी चुकती करणे आणि तुकडे बेमालूम जोडणे, हे सगळे तिच्या अंगावर होते. लुई रविवारी दुकान बंद ठेवी, आणि रविवार हा तर आसपासचे लोक गावात खरेदीला येण्याचा दिवस. तेव्हा ते बंद दार म्हणजे दर आठवड्याला पत्करलेले रोख नुकसान होते. त्यांना नऊ अपत्ये झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली, आणि १८७७ साली झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत धंद्याची ओढाताण, मुलींची आजारपणे आणि देवावरचा विश्वास ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. ज्यांना मठाने दारातून परत पाठवले, त्या या नवरा-बायकोला १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ख्रिस्तसभेने एकत्र संतपद दिले.

आपल्याकडचे दाखलेही कमी नाहीत. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झालेले संत गोन्सालो गार्सिया यांना पुरोहितदीक्षा कधीच मिळाली नव्हती. फ्रान्सिस्कन संघात येण्यापूर्वी ते व्यापार करीत, आणि जपानी भाषा अवगत असल्यामुळे दुभाषा म्हणून ते त्या संघाच्या जपानमधील मोहिमेत गेले. त्रावणकोर दरबारच्या चाकरीत असलेले देवसहायम तर गृहस्थच होते. १७४५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १७५२ मध्ये त्यांचा वध झाला, आणि मे २०२२ मध्ये ते संतपद लाभलेले पहिले भारतीय प्रापंचिक ठरले.

आता ज्या गैरसमजाने प्रामाणिक माणसे सर्वांत अधिक कष्टी होतात, त्याकडे वळतो. प्रार्थनेत मन भरून आले, डोळे पाणावले, तरच ती प्रार्थना देवापर्यंत पोहोचली, आणि मन कोरडे राहिले तर देवाने आपल्याकडे पाठ फिरवली, असे त्यांना वाटते. मार्तँ दांपत्याची धाकटी कन्या तेरेजा, म्हणजे लिझ्यूच्या कार्मेल मठातील संत तेरेजा, वयाच्या पंधराव्या वर्षी मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मठातल्या त्या वर्षांत ध्यानाच्या वेळी तिला वारंवार झोप लागत असे आणि प्रार्थनेत रस वाटत नसे, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिने साधना शोधली ती अन्यत्र. मठात रुमाल धुण्याचे काम चालू असता समोरची भगिनी कपडा आपटताना घाण पाणी तेरेजाच्या तोंडावर उडवीत असे. मागे सरकावे, चेहरा पुसावा, म्हणजे हिला कळेल, हा पहिला विचार तिच्याही मनात आला. पण तिने तो बाजूला सारला, चेहरा पुसला नाही, आणि पुढे तर त्या शिंतोड्यांची तिने आवड लावून घेतली. एवढेच. त्यात चमत्कार नाही, दृष्टान्त नाही. आणि अशा बारीकसारीक गोष्टींनी भरलेले आयुष्य जगलेल्या या मुलीला १९९७ साली ख्रिस्तसभेने आपल्या आचार्यांच्या मालिकेत बसवले. मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कित्येक दशकांचा त्यांचा आंतरिक अंधार पाहून वृत्तपत्रे स्तिमित झाली. आध्यात्मिक वाङ्मयाचा ज्यांना परिचय होता, त्यांना मात्र त्यात अपूर्व असे काही आढळले नाही.

उग्र तपश्चर्येवाचून पावित्र्य नाही, या समजुतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेच्या आजच्या कायद्याने उपासाचे सक्तीचे दिवस वर्षातून दोनच, भस्मबुधवार आणि गुड फ्रायडे. तेही अठरा पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंतच्या माणसांना, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण व दोन अल्पाहार यांची मुभा आहे.

याहून खोल रुजलेली समजूत अशी की, कम्युनियन हे पुण्यवंतांचे पारितोषिक असून आपल्यासारख्याने वर्षातून एकदोनदाच, भीतभीत त्याला हात लावावा. जान्सेनपंथाच्या कडक वृत्तीने ही भीती युरोपात फैलावली होती आणि तिचा ओघ आपल्या आजीपणजीपर्यंत येऊन पोहोचला होता. दहावे पायस यांच्या कारकिर्दीत डिसेंबर १९०५ मध्ये निघालेल्या आज्ञापत्राने हा वाद मिटवला: जो महापापात नाही आणि ज्याचा हेतू शुद्ध आहे, त्याने वारंवार, रोजसुद्धा, ख्रिस्तशरीर ग्रहण करावे; क्षुल्लक दोष उरले आहेत म्हणून दूर राहू नये. दुर्बळाला बळ यावे म्हणूनच हे अन्न आहे, हा त्यामागील विचार.

‘तेच तेच पाप पुनःपुन्हा सांगायचे, मग फादरकडे जाऊन उपयोग काय?’ हा प्रश्नही नेहमीचा. पापनिवेदनाचा संस्कार केवळ मागील बाकी पुसत नाही; त्यातून पुढे लढण्याची कृपा मिळते, आणि सुधारणा ही केवळ आपल्या मनगटाच्या जोराची करामत नव्हे, हे ख्रिस्तसभेने पाचव्या शतकातच पेलाजियसच्या मताचा धिक्कार करून ठरवले आहे. तरी प्रयत्नाला पद्धत हवी, आणि ती येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिली. दिवसाच्या परीक्षणाची सुरुवात ते पापांच्या तपशिलाने करीत नाहीत, उपकारस्मरणाने करतात. मग आपले दोष दिसावेत म्हणून कृपा मागणे, प्रहराप्रहराने दिवस तपासणे, क्षमा मागणे आणि उद्याचा निश्चय, असा त्यांचा क्रम आहे. शिवाय एका वेळी एकच दोष धरावा, आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा आखाव्यात, दररोज दोन, आणि दोष घडला की रेघेवर ठिपका द्यावा. दुपारचे ठिपके रात्रीच्या ठिपक्यांशी आणि आजचे कालच्यांशी ताडून पाहावेत. दुकानाच्या रोजकीर्दीसारखी ही शिस्त आहे. रागीट माणसाने महिनाभर रागाचीच नोंद ठेवली, तर आपल्याला राग नेमका केव्हा येतो, कामावरून दमून आल्यावर की पैशाचा विषय निघाल्यावर, एवढे तरी त्याला उमगते, आणि मग पापनिवेदनात ‘मी रागावलो’ यापेक्षा काही नेमके सांगता येते.

शेवटी एक गोष्ट, विशेषतः तान्ह्या मुलांच्या आयांसाठी. रविवारच्या मिस्सेचे बंधन गंभीर आहे, हे खरे. पण आजारपण किंवा तान्ह्या बाळाची देखभाल यांसारखे सबळ कारण असल्यास त्या बंधनातून सूट मिळते, असे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्टपणे नमूद आहे. तेव्हा बाळ तापाने फणफणले म्हणून जी घरी राहिली, तिने ते पाप म्हणून सांगण्याचे कारण नाही.