वेबसाइटची जागा घेताना खोडव्याचाही हिशेब करा
(शेतकी विभागाकडून)



ऊस सोडून शेतकी खाते भलतीकडेच कुठे निघाले, असे मथळा वाचून आपणांस वाटेल. पण अलीकडे गट ऑफिसात हुमणी आणि खतांच्या मात्रेबरोबर हीही विचारणा होऊ लागली आहे. कोणाचे गुऱ्हाळ आहे, कोणाची रोपवाटिका आहे. "साहेब, वेबसाइट काढायची म्हणतोय, पण होस्टिंगचा कुठला प्लॅन घ्यायचा?" असा प्रश्न येतो. याचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले आहे, म्हणून हा लेख.

आपल्या कार्यक्षेत्रातील अकरा सभासदांनी मिळून को ८६०३२ ची एक डोळा रोपे तयार करण्याची रोपवाटिका काढली. वेबसाइट करून देणारा एक तरुण भेटला. पहिल्या वर्षाचा दर अगदी कमी होता. "स्वस्त मिळतेय, घेऊन टाका," असे आम्हीच म्हणालो. पुढे तो तरुण नोकरीला परगावी गेला. वेबसाइटचे नाव त्याच्या खात्यावर आणि मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर. ऐन आडसालीच्या बुकिंगला जून महिन्यात वेबसाइट बंद! गिऱ्हाइके फोन करून विचारू लागली, "रोपवाटिका मोडली काय?" फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी तिथेच होती, तीही गेली. दोष त्या पोराचा कमी, सल्ला देणाऱ्या आमचा जास्त.

नाव वेगळे, जागा वेगळी

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पाने आणि फोटो सदैव चालू असणाऱ्या ज्या संगणकावर ठेवतात, त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरील भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग. जागा केव्हाही बदलता येते. नाव हातचे गेले की छापलेली कार्डे, पाट्या, सगळे फुकट.

नाव कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते आणि मग नूतनीकरण करावे लागते. मुदत टळली तर थोडे दिवस सोडवून घेता येते, पण तो दर भारी असतो. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. म्हणून नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवरच करावी. करून देणारा सख्खा भाचा असला तरी!

भागाची विहीर की स्वतःची?

प्लॅन मुख्यतः तीन प्रकारचे असतात. 'शेअर्ड' म्हणजे भागाची विहीर. एका सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात. खर्च कमी, पण शेजाऱ्याने जोरात उपसा केला तर आपली धार बारीक होते. 'व्हीपीएस' मध्ये विहीर एकच, पण आपला वाटा मोजून बांधून दिलेला असतो. मात्र देखभाल कंपनीकडे नसेल तर जाणकार माणूस ठेवावा लागतो. 'डेडिकेटेड' म्हणजे अख्खी विहीर आपली, खर्चही अख्खा आपला. रोपवाटिका, गुऱ्हाळ किंवा दूध संकलन केंद्राच्या वेबसाइटला शेअर्ड प्लॅन पुरतो. दहा गुंठ्यांसाठी कोणी साडेसात एचपीची मोटर बसवत नाही.

किती जागा लागेल, याचा हिशेब घरी करता येतो. मोबाइलवरचा एक फोटो सुमारे ४ एमबीचा धरा. असे १०० फोटो म्हणजे ४०० एमबी. तेच लहान करून २०० केबीचे केले तर सगळे मिळून २० एमबीत बसतात आणि पानही झटकन उघडते. रोज १०० माणसे आली, प्रत्येकाने ३ पाने पाहिली आणि एक पान २ एमबीचे असले, तर महिन्याला १८ जीबी माहितीची वाहतूक होते. प्लॅनच्या कागदावर याला 'बँडविड्थ' म्हणतात. 'अनलिमिटेड' या शब्दावर जाऊ नका. खाली बारीक अक्षरांत फायलींच्या संख्येची आणि सर्व्हरच्या वापराची मर्यादा लिहिलेली असते.

लागण आणि खोडवा

जाहिरातीतला दर लागणीचा असतो. खोडव्याचा दर, म्हणजे नूतनीकरणाचा, वेगळाच. उदाहरणादाखल आकडे घेऊ. एक प्लॅन पहिली ४ वर्षे महिना ९९ रुपये, पुढे ३४९ रुपये. दुसरा सुरुवातीपासून १९९ रुपये. आठ वर्षांत पहिल्याचे होतात २१,५०४ रुपये आणि दुसऱ्याचे १९,१०४. स्वस्त तो महाग पडला! शिवाय पहिल्याचे ४ वर्षांचे ४,७५२ रुपये आधीच एकरकमी मोजावे लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

सुरक्षेचे एसएसएल प्रमाणपत्र नसेल, तर ब्राउझर गिऱ्हाइकाला 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा देतो. 'लेट्स एनक्रिप्ट' या ना-नफा व्यवस्थेकडून असे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले, तर कारण विचारा.

बियाणे एकाच कोठारात नको

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली. जीवितहानी झाली नाही, पण ज्यांनी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, अशा अनेकांची माहिती कायमची गेली. तेव्हा प्लॅनमध्ये रोजचा बॅकअप असला, तरी महिन्यातून एकदा एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवावी.

पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा :

१. नूतनीकरणाचा दर काय?
२. नाव आणि खाते कोणाच्या नावावर?
३. बॅकअप रोज होतो का, आणि परत मिळवायला वेगळे पैसे पडतात का?
४. सर्व्हर कुठे आहे? गिऱ्हाईक इथलेच असेल तर मुंबईचा बरा. जवळचे पान लवकर पोचते.
५. अडचण आली तर फोनवर माणूस बोलतो का?
६. दुसरीकडे जायचे झाल्यास आपली माहिती आपल्याला नेता येते का?

ते अकरा सभासद यंदा पुन्हा आले. राग मनात असेलही, पण त्यांनी बोलून दाखवला नाही. तीन संध्याकाळी गट ऑफिसात बसून आम्ही चार प्लॅन ओळीओळीने वाचले. सर्वांत स्वस्त सोडला, सर्वांत मोठाही सोडला. जुने नाव दुसऱ्याने घेतले होते, म्हणून नवे नाव ३ वर्षांसाठी नोंदवले, तेही रोपवाटिकेच्या स्वतःच्या ईमेलवर. नूतनीकरणाची तारीख ठरावाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली आहे आणि ती वही दोघांच्या ताब्यात आहे.

आपल्यापैकी कोणाला वेबसाइट काढायची असेल, त्यांनी प्लॅनचा कागद घेऊन गट ऑफिसात यावे. सही करण्याआधी या, एवढीच विनंती.

— ऊसविकास अधिकारी