मालेगावचा सुपरमॅन आणि हिरवे कापड

भिवंडीप्रमाणेच यंत्रमागांवर जगणाऱ्या मालेगावात, शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमा गाठणाऱ्या कामगारांसाठी, गावातल्याच हौशी मंडळींनी गाजलेल्या चित्रपटांची विडंबने काढण्याची प्रथा रुजवली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे क्रिप्टॉन नावाच्या ग्रहावरून आलेल्या अमेरिकी नायकालाच मालेगावच्या धुळीत उतरवले. या ‘मालेगाव का सुपरमॅन’ची निर्मितीकथा फैझा अहमद खान यांनी २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली असून, त्यातला नायक म्हणजे शफीक शेख हे अंगाने किरकोळ असलेले यंत्रमाग कामगार होते.

त्याच्या उड्डाणामागचे तंत्र मात्र बड्या स्टुडिओंचेच होते. ‘क्रोमा की’ या पद्धतीत नटाला एकरंगी कापडासमोर चित्रित करतात आणि संगणक त्या रंगाचे सर्व बिंदू पारदर्शक मानून तेथे आकाश किंवा अवकाश बसवतो. हिरवा रंग निवडण्याचे कारण असे, की मानवी त्वचेत लाल-पिवळ्या छटा प्रबळ असतात, शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरील निम्मे बिंदू सहसा हिरवा प्रकाश टिपतात, त्यामुळे त्या रंगाची नोंद सर्वांत स्वच्छ मिळते. सुपरमॅनच्या बाबतीत तर निळा पडदा मुळातच अडचणीचा, कारण पोशाख निळा असल्याने पार्श्वभूमीबरोबर नायकाचे धडही नाहीसे होण्याचा धोका असतो. १९७८ च्या हॉलिवूडपटालाही या अडचणीशी झगडावे लागले होते.

घरगुती कॅमेऱ्याची मर्यादा कडांवर दिसते. मानवी डोळा रंगापेक्षा उजेडातील फरक अधिक बारकाईने ओळखत असल्याने असे कॅमेरे रंगाची माहिती कमी बिंदूंवर साठवतात, परिणामी नटाची बाह्यरेषा दातेरी होते; कापडावरून परावर्तित झालेला हिरवा उजेड अंगावर पडला, तर तिला हिरवट झालरही लागते.

गुरुत्वाकर्षण मात्र कोणत्याही संगणकाला पुसता येत नाही. ‘अपोलो १३’ या १९९५ च्या चित्रपटासाठी नासाच्या विमानाने अन्वस्ताकार मार्गाने झेपा घेतल्या, तेव्हा प्रत्येक झेपेत जेमतेम पंचवीस सेकंद नटांना भारहीनता अनुभवता आली. अशी सोय नसताना, उड्डाण दाखवण्यासाठी आधारावर पालथ्या पडलेल्या नटाची मान ताठरते, पाय खाली ओढले जातात आणि पोटावर भार येतो. गंभीर चित्रपट हे लपवण्यासाठी अमाप पैसा ओततो, तर विडंबनात तेच लोंबणारे पाय हशा वसूल करतात.