विजेच्या प्लगाचा घाट

पाटल्यांचा घाट आणि माठाचा घाट यांविषयी आपण नित्य बोलतो. परंतु भिंतीतील सॉकेटात बसविण्याच्या साध्या प्लगालाही घाट असतो, व त्या घाटाला कायद्याने धनी असू शकतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूस लहानमोठ्या कारखान्यांची दाटी आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची माणसे तेथे साचे घडविण्याच्या कामावर असतील. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग सॉकेटातून काढून हाती घ्यावा. त्याची एक पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब दिसेल. ही जाडी शोभेसाठी ठेविलेली नाही. जाड असल्यामुळे ती पिन दुसऱ्या छिद्रांत शिरत नाही. लांब असल्यामुळे ती सर्वांआधी जोडली जाते व सर्वांमागून सुटते. इस्त्रीच्या धातूच्या अंगास आतील तार चुकून चिकटली, तर वीज या पिनेच्या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज वितळतो व माणूस वाचतो.

आता प्लगाचे बाहेरील कवच पाहावे. त्याचा बाक, कडांची गोलाई, पृष्ठभागावरील रेघांची मांडणी ही कारागिराच्या कल्पनेवर अवलंबून असतात. आपल्या देशाचा 2000 सालचा डिझाइन कायदा नेमका हाच भेद करतो. जे केवळ डोळ्यांनी पारखले जाते ते आकार, रेखा, रंग व अलंकरण यांची नोंदणी होते. निव्वळ यांत्रिक योजनेची होत नाही. नोंदणी झालेल्या घाटावर धन्याचा हक्क 10 वर्षे राहतो व पुढे 5 वर्षे वाढविता येतो. अमेरिकेत 1842 पासून असे संरक्षण मिळत आले आहे. तेथील अर्जात दाव्याचे शब्द एका ओळीचे असतात, बाकी सर्व काही चित्रेच सांगतात.

तात्पर्य, शोभेचा घाट काही काळ एकाचा असू शकतो. परंतु जाड पिनेची योजना सर्वांची आहे. ती एकाच कारखान्याच्या मालकीची असती, तर एकाचा प्लग दुसऱ्याच्या सॉकेटात बसता ना. म्हणूनच भारतीय मानक 1293 यात 6 व 16 अँपिअरच्या प्लगांची मापे सर्वांसाठी ठरवून दिली आहेत.

विद्यार्थी मित्रहो, येथे एक सावधगिरी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. नोंदणीसाठी घाट नवा असावा लागतो. अर्ज करण्यापूर्वीच तो लोकांसमोर मांडला, तर त्याचे नवेपण कायद्याच्या दृष्टीने संपते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती सवलत आहे. तीही आगाऊ सूचना देऊन व 6 महिन्यांच्या आत अर्ज केल्यासच मिळते. शाळेच्या प्रदर्शनात हौसेने मांडलेली कल्पना अशा रीतीने हातची जाऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन, हा क्रम ध्यानी धरावा.

पालकवर्गासही एक विनंती आहे. घाटाची नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची ग्वाही नव्हे. ती केवळ रूपाच्या नवेपणाची साक्ष होय. प्लग घेताना त्याच्या देखणेपणावर न भुलता आयएसआयची खूण पाहावी. आणि दोन छिद्रांच्या सॉकेटात बसावा म्हणून जाड पिन काढून टाकण्याची जी खोड घरोघरी दिसते, ती आजपासून सोडावी. रूप नेत्रांना सुखविते. परंतु लेकरांचा जीव राखते ती ओबडधोबड जाड पिनच.