सेवेसाठी सातासमुद्रापार : विद्यार्थी स्वयंसेवक आणि खानदेश

सुरतहून भुसावळकडे येणारी रेल्वे नवापूर सोडून महाराष्ट्रात शिरली की काही अंतरावर चिंचपाडा हे छोटे स्थानक लागते. आदिवासीबहुल भागातील या गावाची ओळख तेथील ख्रिस्ती रुग्णालयामुळे दूरवर आहे. १९४० च्या दशकात एका अमेरिकन मिशनने सुरू केलेले हे रुग्णालय आज भारतीय संस्थेच्या हाती आहे. मात्र ते उभे राहण्यामागे जी परंपरा होती, तिची सुरुवात रुग्णालयांतून नव्हे, तर महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून झाली होती. शिक्षण संपताच आपला देश सोडून परक्या देशात सेवेला जाण्याची शपथ घेणाऱ्या विद्यार्थ्यांची ही परंपरा होय.

ही परंपरा संपलेली नाही, तिचे रूप मात्र बदलले आहे. पूर्वी तरुण आयुष्यभरासाठी येत. आता सहा महिने, वर्षभर किंवा केवळ काही आठवड्यांसाठी जातात. पूर्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे एकच वाट होती. आता भारतीय ख्रिस्ती तरुणांनाही परदेशातील विद्यापीठांमध्ये अशा कामाची संधी उपलब्ध असते. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या घरात मुलाने किंवा मुलीने असा विचार बोलून दाखवला, तर त्याचा अर्थ काय, त्यात खर्च किती, धोका कोणता आणि कायद्याची चौकट काय, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

कोल्हापूरचा धागा

या चळवळीचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरात काम करणारे अमेरिकन मिशनरी होते. पुढे कुटुंब अमेरिकेला परतले आणि रॉबर्ट प्रिन्स्टन येथे शिकू लागले. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे महिनाभराचे शिबिर भरले. ते संपेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी दर्शविली होती. त्यामागे वाइल्डर यांचा पुढाकार होता.

त्यानंतरच्या वर्षात वाइल्डर आणि त्यांचे सहकारी जॉन फोरमन यांनी अमेरिका आणि कॅनडातील दीडशेहून अधिक महाविद्यालयांचा दौरा केला. दोन हजारांहून अधिक तरुण-तरुणींनी नावे नोंदविली. १८८८ मध्ये या प्रयत्नाला ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ असे संघटित रूप मिळाले. जॉन मॉट हे तिचे प्रमुख नेते झाले. पुढच्या काही दशकांत या चळवळीतून वीस हजारांवर स्वयंसेवक परदेशी गेल्याचे मानले जाते. वाइल्डर स्वतः १८९२ मध्ये भारतात परतले आणि त्यांनी कोलकाता व पुणे येथे विद्यार्थ्यांमध्ये काम केले. कोल्हापुरात जन्मलेला मुलगा अमेरिकेत चळवळ उभारून पुण्याच्या विद्यार्थ्यांमध्ये परतला, असा हा प्रवास आहे.

खानदेशातील पाऊलखुणा

खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेशचे मुख्यालय जळगाव, तर पश्चिम खानदेशचे धुळे. या दोन भागांत काम करणारी मिशनेही निरनिराळी होती. वऱ्हाडात अकोल्याभोवती स्थिरावलेल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेमार्गावरील गावांत केंद्रे उघडली. पश्चिमेकडे धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात स्वीडनमधून आणि अमेरिकेतील स्कँडिनेव्हियन वंशाच्या मंडळ्यांतून कार्यकर्ते आले. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेचे पुढे १९४९ मध्ये ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ असे नामांतर झाले. चिंचपाड्याचे रुग्णालय याच संस्थेने उभारले. नवापूर तालुक्याचा हा भाग १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. त्यापूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता.

या मंडळींपुढील पहिली अडचण भाषेची होती. मराठी शिकून भागत नसे. बाजारात अहिराणी आणि डोंगराळ भागात भिली व मावची बोलली जाई. भाषा येईपर्यंत नवागताचा स्थानिकांना फारसा उपयोग होत नसे. अल्पकालीन स्वयंसेवेची मर्यादा समजून घेण्यासाठी ही बाब आजही महत्त्वाची आहे. आठ आठवड्यांसाठी आलेला तरुण भाषा शिकू शकत नाही. त्याला दुभाषी लागतो, राहण्या-जेवणाची सोय लागते, आणि ती सोय बहुधा स्थानिक कार्यकर्त्यालाच आपले काम बाजूला ठेवून करावी लागते.

काम नेमके काय असते?

आजच्या विद्यार्थी सेवाकार्याचे स्वरूप राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराहून वेगळे आहे. येथे रस्ते बांधणे किंवा झाडे लावणे हा मुख्य भाग नसतो. विद्यापीठाच्या परिसरात लहान गटांतून बायबलचा अभ्यास घेणे, सुट्टीतील शिबिरांची व्यवस्था पाहणे, परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना घर शोधणे, भाषा सुधारणे, बँक आणि वाहतूक समजून घेणे यांत मदत करणे, अशी कामे स्वयंसेवकाकडे असतात. परक्या गावात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याशी मैत्री करणे हा या कामाचा गाभा मानला जातो.

या क्षेत्रातील मोठ्या संघटनांना प्रदीर्घ इतिहास आहे. ‘वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन’ची स्थापना १८९५ मध्ये स्वीडनमधील वाडस्टेना येथे झाली. ‘इंटरनॅशनल फेलोशिप ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स’ ही संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. भारतातील ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ १९१२ पासून, तर ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ १९५४ पासून कार्यरत आहे. या भारतीय संघटनांचे नेतृत्व भारतीयांकडेच आहे.

अशा स्वयंसेवकाला सहसा वेतन मिळत नाही. प्रवास, विमा आणि राहण्याचा खर्च त्याने स्वतः जमवायचा असतो. आपली मंडळी, नातेवाईक आणि मित्र यांच्याकडून दरमहा ठराविक रक्कम देण्याचे वचन घेतले जाते. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत रुळलेली आहे. पगारदार मंडळी कमी असलेल्या खानदेशातील लहान गावच्या उपासक समुदायाला मात्र एका तरुणाचा पौंड किंवा डॉलरमधील खर्च पेलणे अवघड असते. हा प्रश्न जाण्याच्या आधी सुटला नाही, तर अर्ध्यातून परतण्याची वेळ येते.

येणाऱ्यांसाठी नियम

परदेशी नागरिकाला भारतात धर्मोपदेशाचे काम करायचे असल्यास मिशनरी व्हिसाची स्वतंत्र तरतूद आहे. पर्यटक म्हणून आलेली व्यक्ती प्रार्थनास्थळी जाऊ शकते, प्रवचन ऐकू शकते. मात्र तिने स्वतः धर्मप्रचाराची भाषणे करणे किंवा पत्रके वाटणे नियमबाह्य ठरते. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत विनावेतन दीर्घकाळ काम करायचे असेल, तर त्या संस्थेच्या नावाची नोंद असलेला रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. परदेशी डॉक्टरने मोफत रुग्णसेवा करायची म्हटली, तरी वैद्यकीय नियामक संस्थेची परवानगी लागते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही हे लागू आहे. ‘ओसीआय’ कार्ड असले की भारतात काहीही करता येते, असा समज आढळतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी, तसेच पत्रकारिता आणि गिर्यारोहणासाठी ओसीआय धारकांनाही विशेष परवानगी आवश्यक आहे. देणग्यांबाबत परकीय योगदान नियमन कायदा २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. परदेशी निधी आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी नियम

ब्रिटनमध्ये विनावेतन सेवेसाठी ‘चॅरिटी वर्कर’ हा तात्पुरता व्हिसा असून त्याची मुदत कमाल १२ महिन्यांची असते. त्यासाठी तेथील मान्यताप्राप्त संस्थेचे प्रायोजकत्व प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत धार्मिक संस्थेच्या पगारी कामासाठी ‘आर-१’ हा प्रवर्ग आहे, तर मान्यताप्राप्त सेवा कार्यक्रमातील विनावेतन स्वयंसेवकाचा विचार ‘बी-१’ खाली होऊ शकतो. शिक्षणासाठी किंवा पर्यटनासाठी घेतलेल्या व्हिसावर पूर्णवेळ सेवाकार्य करण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो धुडकावून लावावा. नियमभंगाची नोंद पुढील प्रत्येक अर्जाच्या आड येते, आणि त्याची किंमत संस्थेला नव्हे, तरुणाला मोजावी लागते.

निघण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागणे हिताचे असते. कामाचे तास, राहण्याची जागा, आजारपणातील विमा, परतीच्या तिकिटाची जबाबदारी आणि तक्रार करायची झाल्यास ती ऐकून घेणारी व्यक्ती, यांचा त्यात समावेश असावा. ही माहिती देण्यास टाळाटाळ करणाऱ्या संस्थेपासून दूर राहणेच योग्य.

सेवा की धर्मांतर?

या विषयावर बोलताना समाजात संशय असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने, ज्यात विदर्भाचाही समावेश होता, १९५४ मध्ये नियोगी समिती नेमली. तिने १९५६ च्या अहवालात धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठविण्याची शिफारस केली होती. राज्यघटनेचे कलम २५ सर्व व्यक्तींना धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले.

संशयाची परिणती हिंसेत झाल्याचेही देशाने पाहिले आहे. कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या बाजूला, अविचारी उत्साह काय करू शकतो, याचेही उदाहरण आहे. जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रवेशबंदी असलेल्या अंदमानच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर धर्मप्रचारासाठी गेला आणि तेथील आदिवासींच्या हातून मारला गेला. बाहेरच्या आजारांना प्रतिकार करण्याची शक्ती नसलेल्या त्या समूहालाही त्याच्या जाण्याने धोका होता. स्वयंसेवकाची निष्ठा खरी असली, तरी ज्यांच्याकडे तो जातो त्यांची संमती आणि सुरक्षितता गौण ठरत नाही.

मित्र हवेत

हा प्रश्न ख्रिस्ती वर्तुळातही जुना आहे. १९१० मध्ये एडिंबरा येथे जॉन मॉट यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक मिशनरी परिषद भरली. तेथे दक्षिण भारतातील व्ही. एस. अझरिया या तरुण पाळकाने पाहुण्यांना अस्वस्थ करणारे भाषण केले. परदेशी मिशनऱ्यांनी भारतासाठी पुष्कळ त्याग केला असला, तरी ते भारतीय सहकाऱ्यांशी बरोबरीने वागत नाहीत. आम्हाला मित्र हवे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याआधी, १९०५ च्या नाताळात सेरामपूर येथे भारतीय माणसे आणि भारतीय पैसा यांवर चालणारी ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन करण्यात अझरिया यांचा वाटा होता.

अझरियांची ही मागणी आता भारतीय स्वयंसेवकालाही लागू होते. नवापूरच्या पाड्यांत जो अनुभव आला, तोच तो परदेशात उलट बाजूने घेतो. भाषा त्याची तोकडी पडते, रीतिरिवाज त्याला ठाऊक नसतात आणि यजमानांच्या सोयीवर तो अवलंबून असतो. अशा वेळी शिकविण्याआधी शिकण्याची तयारी असणाराच टिकतो.

वर्षभराच्या परदेशी सेवेतून परतणाऱ्यांपुढे शेवटी एक साधा प्रश्न उरतो. तेथे एकाकी विद्यार्थ्यासाठी जी आस्था दाखविली, ती येथे कोणासाठी दाखवायची? अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांतून जळगावच्या विद्यापीठात पहिल्यांदाच येणारा विद्यार्थीही परक्या गावीच आलेला असतो. त्याची भाषाही वेगळी असते आणि शहरात त्याच्या ओळखीचे कोणी नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणताही व्हिसा लागत नाही.