न झालेला सामना

आखाड्यात हार आणि जीत या दोन्ही गोष्टी चालायच्याच. हरलेल्या मल्लालाही झुंज दिल्याचे समाधान असते. परंतु ज्याला जोडच मिळू दिली जात नाही, त्याने आपले सामर्थ्य सिद्ध करावे तरी कसे? अमेरिकेतील हॅरी विल्स या मुष्टियोद्ध्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

हॅरीचा जन्म १८८९ साली न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी झाला. तरुणपणी गोदीत ओझी वाहून त्याचे शरीर बळकट झाले. पुढे तो मुष्टियुद्धाकडे वळला. परंतु तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळच्या अमेरिकेत वर्णभेद तीव्र होता. १९०८ साली जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. १९१० साली त्याने जेफ्रीज या गोऱ्या मुष्टियोद्ध्याला हरवताच अनेक शहरांत दंगली उसळल्या. माणसे प्राणांस मुकली. १९१५ साली जॉन्सन पराभूत झाला आणि कृष्णवर्णीयांसाठी जगज्जेतेपदाचे दार बंद झाले. त्यांना वारंवार आपापसांतच लढावे लागे. हॅरी आणि सॅम लँगफर्ड यांची गाठ तर पंधराहून अधिक वेळा पडली!

१९१९ साली जॅक डेम्सी जगज्जेता झाला. त्याच्याशी लढण्याचा हक्क हॅरीने पराक्रमाने मिळवला होता. १९२२ साली करारावर दोघांच्या सह्याही झाल्या. पण सामना भरला नाही. १९२३ साली लुईस फिर्पो याने डेम्सीला ठोशासरशी रिंगणाबाहेर फेकले; तरीही अखेर डेम्सीच जिंकला. पुढच्याच वर्षी हॅरीने त्याच फिर्पोशी १२ फेऱ्या झुंज दिली, आणि वृत्तपत्रांनी हॅरीच्या बाजूने कौल दिला.

१९२५ साली पुन्हा करार झाला. तोही पैशांच्या व्यवहारात मोडला. डेम्सीने प्रथम हॅरीशीच लढावे, असा न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाचा आग्रह होता. तेव्हा १९२६ साली डेम्सीचा जीन टनीशी सामना फिलाडेल्फियात भरवण्यात आला. डेम्सीने पद गमावले. हॅरी तोवर ३७ वर्षांचा झाला होता. त्याच्या उमेदीची वर्षे वाट पाहण्यातच सरली.

१९३२ साली हॅरी निवृत्त झाला. साठवलेल्या पैशातून त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात घरे घेतली आणि तो मानाने जगला. १९३७ साली जो लुई हा कृष्णवर्णीय वीर जगज्जेता झाला. बंद दार उघडण्यास २२ वर्षे लागली! १९५८ साली हॅरी वारला. १९९२ साली मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्याचे नाव समाविष्ट झाले.

हॅरी आणि डेम्सी यांच्यात कोण जिंकला असता? हे आता कोणीच सांगू शकणार नाही. सामना न होऊ देणाऱ्यांनी हॅरीची संधी तर हिरावलीच. पण डेम्सीच्या मुकुटावरही कायमची शंका ठेवली. अन्यायाने राखलेला मान हा असा उणाच राहतो.